दौलताबाद (देवगिरी)

महाराष्ट्रातील इतिहासप्रसिद्ध किल्ला व त्याच्या परिसरातील लहान गाव. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) वायव्येस सु. १५ किमी. वर, वेरूळकडे जाणाऱ्या मार्गावर ते वसले आहे. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे यादवांची राजधानी स्थापिली. सिंघण, महादेव व रामचंद्र यांच्या कारकीर्दींत ती भरभराटीस आली. श्रीकरणाधिप हेमाद्री येथीलच.

सभोवतालच्या सपाटीपासून सु. २०० मी. उंच अशा एकाकी, शंक्वाकृती टेकडीवर बालेकिल्ला आहे. टेकडीचा खालचा भाग तासून उभे कडे केले असून त्यांच्या पायथ्याशी खडकात खंदक खोदला आहे. खंदकावरील अरुंद पूल ओलांडल्यावर ‘अंधारी’ हा वळणावळणाचा भुयारी मार्ग लागतो. त्याच्या वरच्या तोंडावर विस्तव पेटवून शत्रूस धुराने कोंडण्याची सोय होती. अंबरकोट, महाकोट व कालाकोट अशा तटबंदीच्या तीन रांगा याबाहेर आहेत.

असा हा किल्ला दुर्भेद्य मानला गेला. तरी तो वारंवार हातांतरित झाला. त्याची कारणे बहुधा तटांच्या उणिवेत नसून उपासमार, गाफीलपणा व अंतःकलह यांत आढळतात. इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्‌जीने अकस्मात स्वारी केली, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य दूर होते. घाईने गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे तवारिखांत म्हटले आहे. रामचंद्राने खंडणी देऊन तह केला. पुढे १३१८ मध्ये हरपाळदेवाचा उठाव मोडला जाऊन यादव सत्ता संपुष्टात आली.

मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून राजधानी येथे आणून गावास दौलताबाद हे नाव दिले. हा प्रयोग अल्पकाळातच फसला; परंतु त्यामुळे आलेल्या सूफी संतांचे व विद्वानांचे केंद्र नजीकच्या खुलदाबादेस झाले. बहमनी राज्याची स्थापना १३४७ मध्ये येथेच झाली. १४९९ मध्ये किल्ला निजामशाहीत गेला व मलिक अंबरच्या काळात तिची राजधानी बनला. १६२९ मध्ये निजामशहाने लखूजी जाधवांची येथे पुत्रांसह हत्या करविली. त्यामुळे मातब्बर मराठा सरदार दुरावले. चार वर्षांनी महाबतखानाने वेढा घातला. सुरुंगांनी बाहेरील तट फुटले, तरी अखेर अन्नटंचाईने जेरीस आलेल्या फतहखानाने वाटाघाटी करून किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन यास औरंगजेबाने येथील चिनी महालात बंदीत ठेवले होते. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर किल्ला काही काळ पेशव्यांकडे होता. नंतर तो निजामाकडे गेला.

चांदमिनार, हत्ती हौद, बारादरी, मेंढा तोफ व जुन्या मशिदीतील भारतमाता मंदिर ही येथील प्रेक्षणीय स्थळे होत. एकेकाळी अनेक राजवटींची राजधानी असलेल्या या नगराच्या जागी आता लहानसे गाव उरले आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.