यूएसबी जोडली, पण संगणक ओळखेना!

बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे पावसाळ्यात धबधबा पाहण्यासाठी, तर कार्तिकी पौर्णिमेला संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी गर्दी होते. तेथे टिपलेली छायाचित्रे घरी संगणकावर उतरवताना मात्र कॅमेरा वा मोबाइल जोडूनही पडद्यावर काहीच दिसत नाही, असे कधी कधी घडते. अशा वेळी छायाचित्रे गेली, असे समजू नये. अनेकदा उपकरण आणि विंडोज यांच्यातील दुभाषा, म्हणजेच ड्रायव्हर, अडखळलेला असतो.

प्रथम केबल व पोर्ट बदलून पाहावे. काही केबल केवळ चार्जिंगपुरत्याच असतात. अँड्रॉइड मोबाइलचे लॉक उघडून 'फाइल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा.

तरीही अडचण राहिल्यास विंडोज १० किंवा ११ मध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. पिवळे उद्गारचिन्ह असलेल्या नावावर दोनदा क्लिक केल्यास दोषाचा क्रमांक कळतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ४३ म्हणजे उपकरणाने बिघाड कळवल्याने विंडोजने ते थांबवले आहे. त्या नावावर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' निवडावे, उपकरण काढून संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग ते जोडावे. विंडोज ड्रायव्हर नव्याने बसवते. उपकरणातील छायाचित्रे पुसली जात नाहीत.

मेमरी कार्ड 'फॉरमॅट' करण्याविषयी विचारणा झाल्यास मात्र नकारच द्यावा. ते कार्ड आधी दुसऱ्या संगणकावर तपासावे. ड्रायव्हर पुन्हा बसवता येतो. पुसलेली छायाचित्रे परत मिळतीलच, याची शाश्वती नसते.