निवळी आणि डिंक

कर्जताकडून वांगणीच्या बाजूनें बदलापुराकडे वाहणारी उल्हास नदी पावसाळ्यांत तांबूस होते. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा. त्यास तांबडा रंग देणारें लोहाचें ऑक्साइड मातीबरोबर झिजून ओढ्यांतून खालीं उतरतें. वाळू लवकर तळाशीं बसते. परंतु अतिसूक्ष्म कण दिवसचे दिवस पाण्यांतच राहतात. त्यांवर सारख्याच जातीचा विद्युद्भार असल्यानें ते एकमेकांस दूर लोटतात.

असें पाणी प्यावें कसें, हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेंत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांत कतक, म्हणजे निवळी, सांगितली आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत तर तिचा दृष्टांतच आहे: निवळीचें फळ पाणी निवळतें खरें, पण नुसतें नांव घेतल्यानें निवळत नाहीं. निवळीची बी मडक्याच्या आंतल्या अंगास घांसावयाची व मग पाणी भरावयाचें, अशी रीत होती.

पोथी लिहिणाऱ्याची व चिताऱ्याची गरज नेमकी उलट. शाईंतलें काजळ किंवा रंगांतला गेरू तळाशीं बसला, तर लेखणी कोरडी चालावयाची. म्हणून ते बाभळीचा डिंक घालून घोटीत. गेरू म्हणजे तेंच लोहाचें ऑक्साइड.

नवल असें कीं, डिंक आणि निवळी या दोहोंतही शर्करेचे रेणु गुंफून झालेल्या लांब साखळ्या, म्हणजे पॉलिसॅकराइड, असतात. ग्रॅहॅम यानें १८६१ सालीं अशा द्रव्यांस कोलॉइड हें नांव दिलें. त्यांत डिंकही होता. पुढें झिगमोंडी यानें दाखविलें कीं, मीठ घालतांच निळा पडणारा सोन्याच्या सूक्ष्म कणांचा तांबडा द्रव डिंकाच्या अल्प अंशानें तसाच टिकतो. त्यास १८२५ नव्हे, तर त्यानंतर शंभर वर्षांनीं, १९२५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

डिंकाच्या साखळीवरील आम्लगट लोहकणाच्या पृष्ठाला चिकटतात आणि तिचीं मोकळीं टोकें पाण्यांत पसरतात. कण असा पुरता झांकला गेला, कीं दुसरा कण जवळ येऊं शकत नाहीं. साखळ्या थोड्या व लांब असल्या, तर एकच साखळी दोन कणांस धरते. त्यांचे पुंजके होऊन ते खालीं बसतात. प्रमाण वाढलें, तर निवळणारें द्रव्यही पाणी गढूळच ठेवूं शकतें.

मात्र निवळलेलें पाणी निर्दोष असतेंच असें नाहीं. कॉखनें १८८४ सालीं कलकत्त्यास तलावाच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखविले. निवळी गाळ खालीं नेते. जंतूंसाठीं पाणी उकळावेंच लागतें.