सागाचा रंग, आंब्याचे लाकूड : नक्कलेचा एक जुना इतिहास

१/ नांदेड किंवा लातूरच्या बाजारपेठेत लाकडी कपाट पाहावयास गेलेल्या गिऱ्हाईकाच्या कानी दोन शब्द हमखास पडतात : ‘सागवान’ आणि ‘सागवानी पॉलिश’. पहिला शब्द वृक्षाचे नाव आहे, दुसरा केवळ रंगाचे. या दोहोंमधील अंतराला सुमारे दोन हजार वर्षांचा लेखी इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम साग एवढा मानाचा का, ते पाहू. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. त्यांमुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेस जात नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत, यावरून त्याची चिवटता कळावी. आपल्या भागात हा वृक्ष किनवटच्या रानांत वाढतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते, ते नंतर नांदेडला जोडले गेले.

३/ मराठवाड्यात लाकडाचा प्रश्न केवळ शोभेचा नव्हता. येथील माळवदाच्या घरात मातीच्या जाड छताचा भार खांब आणि तुळया पेलत. घराचे आकारमानच खणांत, म्हणजे दोन खांबांमधील अंतरात, सांगितले जाई. अशा घरात आंब्याचा खांब रंगवून सागाचा म्हणून उभा केला, तर डोळा फसेल. वाळवी फसणार नाही. रंगाने रूप मिळते, तेल मिळत नाही. या विषयातील सारी मेख येथे आहे.

४/ ‘आंब्याचे लाकूड म्हणजे हलके’ ही समजूतही जरा तपासून घेण्याजोगी. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी साग-शिसव परवानगीने तोडावेत असे सांगितले. आंबा-फणसास मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, अशा आशयाची ताकीद दिली. जीर्ण झालेले झाड हवेच असेल, तर धन्यास राजी करून आणि मोल देऊन घ्यावे. सुताराच्या लेखी जे हलके, ते रयतेच्या लेखी अनमोल!

५/ आता नक्कल. ती आपली खासियत मुळीच नव्हे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी नोंदवतो की हलक्या लाकडावर भारी लाकडाचे पातळ पत्रे चिकटवून ते विकले जाई. पुढे तर नीरोच्या काळात कासवाचे कवच रंगवून ते लाकडासारखे दाखवण्याची टूम निघाली, कारण तसे केल्याने त्याला अधिक भाव येई. कवचाने लाकडाचे सोंग घ्यावे, ही गंमत विसरण्याजोगी नाही.

६/ सतराव्या शतकातील युरोपात काळ्याभोर एबनीचा सोस वाढला. एबनी महाग, म्हणून नासपतीचे घट्ट पोताचे लाकूड काळे रंगवून त्याच्या जागी वापरले जाई. यामागील रसायन आपल्याकडील रंगाऱ्यांना चांगले ठाऊक होते. हिरडा किंवा बाभळीची साल यांत टॅनिन असते. त्यावर लोहाचे पाणी पडले की गडद काळा रंग उमटतो. आंध्रातील कलमकारीचे कारागीर गूळ आणि लोखंडाचे तुकडे पाण्यात आंबवून, हिरड्यात भिजवलेल्या कापडावर त्याच पाण्याने काळ्या रेषा काढतात. लाकडावरही हीच क्रिया चालते. ज्या लाकडात टॅनिन कमी, त्याला आधी हिरड्याचा काढा पाजायचा, मग लोहाचे पाणी द्यायचे.

७/ १८५६ मध्ये विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम जांभळा रंग सापडला. त्यापाठोपाठ निघालेले ॲनिलीन रंग लाकडासही लागू पडले आणि हवी ती छटा पुडीत मिळू लागली.

८/ पॉलिशवाल्याचे काम मात्र पुडीने संपत नाही. काचकागदाने लाकूड घासायचे. खडूच्या भुकटीत रामरज किंवा गेरू मिसळून छिद्रे बुजवायची. रंगाचा हात द्यायचा. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायची. यात खरी कसोटी रेषांची. आंब्याला सागासारख्या ठसठशीत रेषा नसतात. घाईने दिलेला रंग काही जागी जास्त मुरतो, डाग पडतात आणि सोंग उघडे पडते. हे कौशल्य हलके लेखण्याचे कारण नाही. फसवणूक असलीच, तर ती रंगात नसून विकणाऱ्याच्या शब्दांत असते.

९/ सारेच मात्र इतके उदार नव्हते. व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याने १८९८ मध्ये दंडक सांगितला : लाकडाला कोणताही रंग द्यावा, फक्त लाकडाचा देऊ नये.

१०/ लोसला आपल्या शेजारचे निर्मळ आवडले असते, असे मला वाटते. नांदेडहून भैंशामार्गे गाठता येणाऱ्या या गावात पोनिकी नावाच्या मऊ, हलक्या लाकडाची खेळणी आणि चित्रे होतात. ते लाकूडही स्वस्तच. पण निर्मळचा कारागीर त्याला साग म्हणवत नाही. तो त्यावर काळी पार्श्वभूमी आणि सोनेरी आकृती रंगवतो, आणि त्या रंगकामालाच मोल येते.

११/ नक्कल नेहमी स्वस्ताईसाठीच होते असेही नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यात छताला दगडी फासळ्या कोरल्या आहेत, हुबेहूब लाकडी कमानींसारख्या. त्यांचा भार पेलण्याशी काही संबंध नाही. म्हणूनच लोकांनी त्या लेण्याचे नाव ‘सुतार की झोपडी’ ठेवले. येथे अधिक टिकाऊ वस्तूने कमी टिकाऊ वस्तूची नक्कल केली, केवळ परंपरेच्या ओढीने.

१२/ मानाची उतरंडही सरळ नाही. आंब्याला साग व्हायचे असते, तर खुद्द सागाला ‘रोजवूड पॉलिश’ देऊन शिसव केले जाते. उलट कित्येक जुन्या वाड्यांत अस्सल सागाच्या दारांवर हिरवा-निळा तैलरंग फासलेला दिसतो! आणि आता सनमायका आहे, म्हणजे लाकडाच्या रेषांचे छापील चित्र. त्या कुळातील फॉर्मायका १९१३ च्या सुमारास अमेरिकेत निघाली, तीही विजेच्या उपकरणांतील अभ्रकाला पर्याय म्हणून. तिचा जन्मच दुसऱ्याच्या जागी उभे राहण्यासाठी झाला.

१३/ वाडा पाहावयास गेलात, तर दर्शनी बाजूवर जाऊ नका. मालकांची परवानगी घेऊन दाराची खालची कड, बिजागरीमागची जागा, फळीचे कापलेले टोक पाहा. तेथे पॉलिशचा हात क्वचितच पोहोचतो. सागाच्या टोकावर मोठ्या छिद्रांची वर्तुळे ओळीने दिसतात. आंब्यात छिद्रे सर्वत्र विखुरलेली असतात. साग बोटांना किंचित तेलकट लागतो, आणि ताजा खरवडला तर त्याला चामड्यासारखा वास येतो.