फोकस्ड अल्ट्रासाऊंड: मुलांच्या ब्रेन ट्यूमरपर्यंत इम्युनोथेरपी पोहोचवण्याचा नवा मार्ग

‘आवाजाच्या लहरींनी ब्रेन ट्यूमर गायब!’ अशा मथळ्याचं एखादं रील किंवा फॅमिली ग्रुपवरचं फॉरवर्ड तुम्हीही पाहिलं असेल. मथळा अर्धाच खरा आहे. ज्या तंत्राबद्दल आज आपण बोलणार आहोत, त्यात आवाजाच्या लहरी ट्यूमर मारत नाहीत. त्या औषधासाठी काही तास दार उघडून देतात. ट्यूमरशी लढायचं काम औषधालाच करावं लागतं. हा फरक समजला, की या विषयावरची निम्मी बातमी तुम्ही स्वतःच तपासू शकता.

अडचण कुठे आहे?

मुलांच्या कर्करोगांमध्ये रक्ताच्या कर्करोगानंतर मेंदूच्या गाठींचा नंबर लागतो. त्यातला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे डीआयपीजी, म्हणजेच डिफ्यूज इन्ट्रिन्सिक पॉन्टाइन ग्लायोमा. तो प्रामुख्याने पाच ते दहा वर्षांच्या मुलांमध्ये दिसतो. मूल अचानक तिरळं पाहू लागतं, एकाची दोन चित्रं दिसतात, चालताना तोल जातो, चेहऱ्याची एक बाजू सैल पडते, गिळताना त्रास होतो.

ही गाठ मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात वाढते. श्वास, गिळणं आणि डोळ्यांची हालचाल सांभाळणाऱ्या नसा तिथूनच जातात. गाठीच्या पेशी या निरोगी पेशींमध्ये पिठात मीठ मिसळावं तशा मिसळलेल्या असतात, त्यामुळे ऑपरेशन करून ती काढता येत नाही. रेडिएशनने काही महिने आराम पडतो, पण गाठ पुन्हा वाढते. निदानानंतर निम्म्याहून जास्त मुलं वर्षभरही जगत नाहीत. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगची लहान मुलगी कॅरेन १९६२ मध्ये मेंदूच्या देठातल्या अशाच गाठीने गेली. त्यानंतर माणूस चंद्रावर जाऊन आला, पण या आजारात फार मोठा बदल झाला नाही.

मग औषधं नाहीत का? प्रयोगशाळेत या पेशी मारणारी औषधं आहेत. खरी अडचण ती गाठीपर्यंत पोहोचवण्याची आहे.

मेंदूची सिक्युरिटी: ब्लड-ब्रेन बॅरिअर

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. रस्ता सगळ्यांसाठी खुला असतो, पण कंपनीच्या गेटवर कार्ड स्वाइप केल्याशिवाय आत जाता येत नाही. शरीरात रक्तवाहिन्या म्हणजे रस्ते. इतर अवयवांमध्ये रक्तवाहिनीच्या भिंतीतून औषध सहज बाहेर झिरपतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की मधे फट राहत नाही. ग्लुकोजसारख्या ओळखीच्या रेणूंना आत घेतलं जातं, बाकीचे बाहेरच थांबतात. याला ब्लड-ब्रेन बॅरिअर म्हणतात.

१८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या शरीरात रंग टोचला, तेव्हा सगळे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. ही भिंत आपल्याला जंतू आणि विषारी पदार्थांपासून वाचवते. पण औषधांपैकी बहुसंख्य रेणूंनाही ती अडवते.

आकाराचा अंदाज घ्या. पॅरासिटामॉलच्या रेणूचं वजन सुमारे १५१ डाल्टन असतं आणि तो मेंदूत पोहोचतो. इम्युनोथेरपीत वापरल्या जाणाऱ्या अँटिबॉडीचं वजन सुमारे १,५०,००० डाल्टन असतं, म्हणजे जवळपास हजारपट. दुचाकी जाईल अशा फटीतून कंटेनर न्यायचा, असा हा प्रकार आहे. त्यातच डीआयपीजीमध्ये ही भिंत बऱ्याच ठिकाणी शाबूत असते, त्यामुळे अडचण आणखी वाढते.

फोकस्ड अल्ट्रासाऊंड कसं काम करतं?

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापुढचा आवाज म्हणजे अल्ट्रासाऊंड. सोनोग्राफीत तोच असतो आणि काही फोनच्या स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट सेन्सरही त्यावरच चालतो.

भिंगाने ऊन एका बिंदूवर आणलं की कागद जळतो, हे शाळेत सगळ्यांनी करून पाहिलंय. इथे उन्हाऐवजी आवाज असतो. एका प्रचलित मशीनमध्ये हेल्मेटसारख्या टोपीत १,०२४ छोटे ट्रान्सड्यूसर असतात. प्रत्येकाची लहर एकटी कमजोर असते. सगळ्या लहरी ठरलेल्या बिंदूवर एकाच वेळी पोहोचल्या, तरच तिथे जोर तयार होतो. तुमचा ५जी टॉवर किंवा नवा वाय-फाय राउटर सिग्नल तुमच्या दिशेने वळवतो ना, त्यामागचं बीमफॉर्मिंगचं गणित यासारखंच आहे. कवटीची जाडी जागोजागी वेगळी असल्यामुळे लहरी वाकड्यातिकड्या होतात. म्हणून आधी सीटी स्कॅन काढून प्रत्येक ट्रान्सड्यूसरचं टायमिंग दुरुस्त केलं जातं.

पुढचा क्रम असा:

१. रुग्णाच्या शिरेत मायक्रोबबल्स सोडतात. हे वायू भरलेले, चरबीचं पातळ आवरण असलेले काही मायक्रॉनचे बुडबुडे असतात, लाल रक्तपेशीपेक्षा लहान. सोनोग्राफीत कॉन्ट्रास्ट म्हणून ते आधीपासूनच वापरले जातात.

२. गाठीवर कमी ताकदीचं अल्ट्रासाऊंड केंद्रित करतात. त्या जागेतून जाणारे बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावू लागतात.

३. या हालचालीने रक्तवाहिनीची भिंत आतून हलकेच ताणली जाते आणि पेशींमधले घट्ट जोड सैल होतात.

४. रक्तात असलेलं औषध त्या फटींमधून गाठीत शिरतं. दार उघडलं की नाही हे एमआरआयवर दिसतं, कारण एरवी आत न जाणारं कॉन्ट्रास्ट आता आत झिरपतं.

५. काही तासांत फटी बुजू लागतात आणि साधारण एका दिवसात भिंत पूर्ववत होते.

ताकद कमी पडली तर दार उघडत नाही. जास्त झाली तर बुडबुडे फुटतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून बुडबुड्यांकडून परत येणारा आवाज मशीन सतत ऐकतं आणि त्यानुसार ताकद कमी-जास्त करतं. शरीरात दुखरा भाग शेकणारं फिजिओथेरपीचं अल्ट्रासाऊंड किंवा गल्लीतलं सोनोग्राफी सेंटर हे काम करू शकत नाही.

इम्युनोथेरपीचा यात काय भाग?

इम्युनोथेरपी म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारक पेशींना कर्करोगाशी लढायला तयार करणं. यात दोन प्रकार महत्त्वाचे. पहिला प्रकार अँटिबॉडीचा. काही अँटिबॉडी प्रतिकारक पेशींवर लागलेला ब्रेक काढतात. दुसरा प्रकार कार-टी सेल थेरपी. यात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, गाठीवरची विशिष्ट खूण ओळखायला शिकवून, पुन्हा शरीरात सोडतात.

कार-टी महाराष्ट्राला नवीन नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या नेक्सकार१९ या भारतातल्या पहिल्या स्वदेशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचं लोकार्पण केलं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हा उपचार बी-पेशींच्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी आहे. तो सीडी१९ ही खूण शोधतो. ब्रेन ट्यूमरवर तो चालत नाही.

डीआयपीजीच्या पेशींवर जीडी२ नावाची वेगळी खूण असते. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये मिशेल मोंजे आणि क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटाने जीडी२ ओळखणाऱ्या कार-टी पेशी मुलांना आणि तरुण रुग्णांना दिल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले. ११ रुग्णांपैकी चौघांची गाठ निम्म्याहून जास्त आक्रसली आणि त्यातल्या एकाची स्कॅनवर दिसेनाशी झाली. या आजारात असं सहसा घडत नाही. त्यांनी पेशी आधी शिरेतून आणि नंतर थेट मेंदूतल्या द्रवात सोडल्या. सिअॅटल चिल्ड्रन्स रुग्णालयाच्या गटानेही अशीच मेंदूतल्या द्रवाची वाट धरली. भिंत टाळून जायचा हा एक रस्ता. फोकस्ड अल्ट्रासाऊंड हा दुसरा: नेमकी गाठीवरची भिंतच थोडा वेळ उघडायची.

आतापर्यंत काय सिद्ध झालंय?

• २००१: बोस्टनमध्ये कुलर्वो हायनिनेन आणि सहकाऱ्यांनी सशांमध्ये मायक्रोबबल्स वापरून भिंत सुरक्षितपणे उघडून दाखवली.

• नोव्हेंबर २०१५: टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयात ब्रेन ट्यूमरच्या प्रौढ रुग्णावर कवटी न उघडता हे पहिल्यांदा केलं गेलं. औषध केमोथेरपीचं होतं.

• २०२१: सनीब्रूकमध्येच, स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरलेल्या चार रुग्णांना ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी या पद्धतीने दिली. तिला किरणोत्सर्गी खूण लावलेली होती, त्यामुळे गाठीतलं तिचं प्रमाण वाढल्याचं स्कॅनवर थेट दिसलं.

• २०२४: शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने ग्लिओब्लास्टोमाच्या प्रौढ रुग्णांमध्ये, कवटीत बसवलेल्या अल्ट्रासाऊंड उपकरणाच्या मदतीने केमो आणि इम्युनोथेरपी एकत्र दिल्याचं मांडलं.

मुलांच्या बाबतीत न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, वॉशिंग्टनचं चिल्ड्रन्स नॅशनल रुग्णालय आणि टोरांटोतल्या गटांनी डीआयपीजीवर चाचण्या सुरू केल्या. त्यात पॅनोबिनोस्टॅट, एटोपोसाइड, डॉक्सोरुबिसिन अशी औषधं वापरली गेली. म्हणजे मुलांमध्ये आधी केमो, मग इम्युनोथेरपी असा क्रम आहे. या सुरुवातीच्या टप्प्यांत मुख्य प्रश्न ‘सुरक्षित आहे का?’ हा असतो. ‘आयुष्य वाढतं का?’ याचं उत्तर मोठ्या चाचण्यांतून मिळतं.

इम्युनोथेरपीचा इथे एक खास धोकाही आहे. प्रतिकारक पेशी गाठीवर तुटून पडल्या की तिथे सूज येते. दंडावर सूज आली तर चालतं. पण पॉन्सची जागा इतकी अडचणीची, की थोडी सूजही जिवावर बेतू शकते. म्हणून स्टॅनफर्डमध्ये मुलांना कडक देखरेखीखाली ठेवावं लागलं. दार किती उघडायचं आणि आत किती पेशी सोडायच्या, हा तोल सांभाळणं हेच पुढचं खरं काम आहे.

हिंजवडीशी याचा संबंध?

औषध बनवणं आणि ते योग्य ठिकाणी पोहोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे हिंजवडीत आधीच दिसलंय. फेज २ मधल्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने भारताची पहिली एमआरएनए कोविड लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. एमआरएनए फार नाजूक. ते पेशीत नेण्यासाठी चरबीच्या सूक्ष्म कणांची गरज लागते. मायक्रोबबलचं आवरणही बऱ्याचदा चरबीचंच असतं. सिग्नल प्रोसेसिंग, मेडिकल इमेजिंग, सिम्युलेशन हे विषय शिकणाऱ्या मुलामुलींसाठी हे क्षेत्र खुलं आहे: कवटीतून जाणाऱ्या लहरींचं गणित हा मुळात सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे.

फॉरवर्ड आलं तर काय तपासाल?

घरात मूल आजारी असेल तर आईबाबा कुठल्याही आशेमागे धावतात, आणि या आजारात वेळ कमी असतो. तुम्ही फोन हाताळण्यात सराईत आहात, तेव्हा हे काम तुम्ही करा:

• प्रयोग उंदरांवर झाला, प्रौढांवर की मुलांवर?

• कितवा टप्पा? पहिला टप्पा म्हणजे सुरक्षिततेची तपासणी.

• भारतात चाचणी असल्याचा दावा असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदणीत ती शोधा. जून २००९ पासून भारतातल्या औषध चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे.

• ‘चाचणी’ म्हणून कोणी लाखो रुपये आगाऊ मागत असेल तर तिथेच थांबा.

• मुलावरच्या चाचणीत पालकांची लेखी संमती लागते आणि सात वर्षांवरच्या मुलाचा होकारही विचारला जातो. हे टाळणाऱ्यापासून दूर राहा.

दुसरं मत घ्यायचं असेल तर पुण्याहून टाटा मेमोरियलचं परळचं रुग्णालय आणि खारघरचं ॲक्ट्रेक एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. टाटा मेमोरियलचं इम्पॅक्ट फाउंडेशन लहान मुलांच्या उपचारखर्चासाठी मदत करतं, तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स बाहेरगावच्या कुटुंबांच्या मोफत राहण्याची सोय करतात. एखादं रील पुढे पाठवण्यापेक्षा ही दोन नावं पाठवलीत, तर त्या कुटुंबाला आजच उपयोग होईल.