विणलेल्या भित्तिपटाचे मूळ : एक साधनचिकित्सा

वाशी परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे भिंतीवरील विणलेला चित्रपट 'निजामकाळचा' म्हटला की प्रश्न मिटला, असे समजले जाते. वस्तुतः आसफजाही राजवट १७२४ पासूनची, म्हणजे सव्वादोन शतकांची. हे उत्तर खोटे नसूनही फारसे काही सांगत नाही.

चित्रातील राजा वा मोर पाहून काळ ठरविणेही धोक्याचे, कारण जुने चित्र नव्या मागावरही विणता येते. म्हणून प्रथम पट उलटावा. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या आकृतीपुरताच जाऊन परततो व शेजारच्या बाण्यात गुंततो. त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. मागे लांब मोकळे धागे असतील, तर औरंगाबादच्या हिमरूचे स्मरण व्हावे, किंवा जॅकार्डचे. भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारे हे फ्रेंच यंत्र १८०४ चे. पहिला कृत्रिम रंग १८५६ चा. ज्या पटात यांपैकी काही आढळेल, तो त्याआधीचा असू शकत नाही.

माझा कल सोलापूरकडे आहे. तेथे पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर चादरींबरोबर भित्तिपटही विणले गेले. वाशीहून सोलापूर दूर नाही.

असा पट हाती आल्यास धुण्यापूर्वी मागील बाजूचे छायाचित्र घ्यावे व सुटलेला एखादा धागा कागदात जपून ठेवावा.