मयतांचें पुस्तक आणि सांथींची मोजदाद

धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या अंकांत बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या पुस्तकांचा उल्लेख मोठ्या आनंदानें करण्यांत येतो. मयतांचें पुस्तक मात्र कपाटांतच राहतें. तें साहजिकच आहे. परंतु आपल्या पूर्वजांवर कोसळलेल्या सांथींचा खरा इतिहास ज्यास जाणावयाचा असेल त्यास हेंच पुस्तक प्रथम उघडावें लागेल. सांथींत किती माणसें दगावलीं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आणि तो सोडविण्याची रीत ज्यानें घालून दिली तो गृहस्थ चर्चच्या दप्तरांतून निघालेल्या अशाच आंकड्यांवर विसंबला होता, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं बाप्तिस्म्यांची व लग्नांची नोंद ठेवण्याचा दंडक घातला. मयतांची नोंद १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें सर्वत्र लागू केली. मयताचें नांव, वय, मृत्यूचा दिवस, कोणते साक्रामेंत मिळाले व दफन कोठें झालें, एवढें धर्मगुरूंनीं लिहावयाचें. रोग कोणता, हें लिहिण्याचें बंधन नव्हतें. ही उणीव आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. ती उपयोगी कशी पडते तें पुढें दिसून येईल.

इंग्लंडांत त्या काळीं राजसत्तेचें चर्च निराळें झालें होतें, तरी तेथेंहि धर्मग्रामवार दफनांची नोंद होत असे. लंडन शहरांत प्लेगच्या भीतीमुळें दर आठवड्यास मृत्यूंचे तक्ते निघूं लागले, व १६०३ पासून ते अखंड निघत राहिले. कोणी मेलें कीं धर्मग्रामानें नेमलेल्या वृद्ध बायका घरीं जाऊन प्रेत पाहत व रोगाचें नांव सांगत. घरांत प्लेग आहे असें ठरलें कीं जिवंत माणसांसकट तें घर बंद होई व दारावर तांबडा क्रूस काढला जाई. मग त्या बायकांच्या हातावर चार पैसे पडले व प्लेगचा ताप झाला, तर त्यांत आश्चर्य कसलें?

जॉन ग्राँट नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें हे तक्ते जमवून १६६२ सालीं एक ग्रंथ छापला. १६२५ च्या सांथींत तक्त्यांप्रमाणें प्लेगनें ३५ हजारांवर माणसें मेलीं होतीं, व इतर रोगांनीं १८ हजारांवर. ग्राँटनें एकच साधा प्रश्न विचारला : ज्या वर्षीं प्लेग नसतो त्या वर्षीं इतर रोगांनीं किती मरतात? उत्तर होतें, सात-आठ हजार. तेव्हां वरचे सुमारें ११ हजार कोठून आले? ते प्लेगचेच होत, नांव मात्र दुसरें लागलें, असें त्यानें ठरविलें. मृत्यूचें कारण लपवितां येतें, प्रेत लपवितां येत नाहीं. म्हणून रोगाच्या नांवाकडे न पाहतां एकंदर मयत मोजावे व त्यांतून नेहमींच्या वर्षाचे मयत वजा घालून अधिक किती तें पाहावें, हीच ती रीत. हाच ग्राँट पुढें कॅथॉलिक झाला व १६७४ सालीं दारिद्र्यांत वारला. त्याच्या त्या तक्त्यांत कॅथॉलिकांचीं दफनें धरलीच जात नसत, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

२३४ वर्षांनीं मुंबईंत तोच प्रकार घडला. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत गांठीचा ताप सुरू झाला. हा प्लेग होय असें गोव्यांतील हडफडें येथें जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं ओळखलें, व प्रथम त्यांवर पुष्कळांनीं अविश्वास दाखविला. पुढें घरांची झडती, रोग्यांस इस्पितळांत नेणें, सामानाची जाळपोळ असे उपाय सुरू झाल्यावर लोक रोग लपवूं लागले. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. ज्यांच्या घरांतून आई किंवा मूल उचलून नेण्यांत आलें त्यांस कागदावरील आंकड्याची पर्वा कशी असावी? प्लेगचे मृत्यू ताप किंवा क्षय अशा नांवांखालीं नोंदले गेले. खरा आंकडा शोधण्यास अधिकाऱ्यांनाहि अखेर एकंदर मृत्यूंतून नेहमींचे मृत्यू वजा करण्याचा मार्ग धरावा लागला.

त्यांतच दुसरी अडचण उभी राहिली. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. परंतु १८९७ च्या आरंभीं निम्म्याच्या आसपास लोक शहर सोडून गेले होते. मग हजारीं किती मेले हें काढतांना भागावयाचें कशानें? जुन्या वस्तीनें भागलें तर सांथ खरी होती त्याहून सौम्य दिसते. वांद्र्यास व आसपासच्या गांवठाणांत त्या काळीं उभारलेले क्रूस आजहि दिसतात. त्यांवर साल आढळतें, संख्या नाहीं.

१९१८ चा इन्फ्ल्युएन्झा प्लेगहून निराळ्या जातीचा होता. औषध नसतां गांठीच्या प्लेगनें पछाडलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक मरत. इन्फ्ल्युएन्झानें शंभरांत थोडेच मरत, पण तो घरोघर शिरला. म्हणून रोग्यांच्या मानानें पाहिल्यास प्लेग भयंकर ठरतो, व एकंदर मयत पाहिल्यास इन्फ्ल्युएन्झा. दोन्हीं उत्तरें खरीं. प्रश्न मात्र वेगळे. मुंबईंत ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवसांत ७६८ माणसें मेलीं.

खेड्यांत तर नोंद ठेवणारेच आजारी पडले. हिंदुस्थानांत सुमारें ६० लाख मेले असा सरकारी अंदाज प्रथम झाला. १९२१ च्या खानेसुमारीनंतर तो सव्वा कोटीच्या घरांत गेला. १९५१ सालीं किंग्जली डेव्हिस यांनीं तो सुमारें १ कोटी ८५ लाखांवर नेला, तर २०१२ च्या एका अभ्यासानें १ कोटी ३९ लाख ठरविला. माणसें तींच, मेलीं तेव्हांच. शंभर वर्षें वाढत-घटत राहिली ती मोजणी.

ह्या सर्व आंकड्यांत आम्हांस सर्वांत बोलका वाटतो तो मुंबई शहराचा जमातवार तक्ता. त्या सांथींत युरोपियनांत हजारीं ८.३ मेले, पारशांत ९, देशी ख्रिस्ती लोकांत १८.४ व वरच्या मानलेल्या हिंदु जातींत १८.९, आणि ज्यांस त्या काळीं अस्पृश्य लेखीत त्यांच्यांत ६१.६. रोग एकच होता. खोल्या, अन्न व शुश्रूषा एक नव्हती. केवळ एकूण बेरीज छापली असती तर हें कोणास कळलें असतें?

आपल्या डोळ्यांदेखत २०२० व २०२१ सालीं कोविडची सांथ आली. ह्या दोन वर्षांत भारतांत सुमारें ४ लाख ८१ हजार मृत्यू सरकारदप्तरीं नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२२ मध्यें अधिक मृत्यूंचा हिशेब करून ४७ लाख हा आंकडा दिला. भारत सरकारनें ती रीतच अमान्य केली. वाद आहे तो ग्राँटच्याच वजाबाकीचा.

आपल्या मयतांच्या पुस्तकाचें मोल येथें दिसतें. त्यांत रोगाचें नांव नसेल. परंतु १८९५ चीं पानें मोजून १८९७ च्या पानांशीं ताडून पाहण्यास तें लागत नाहीं. पुस्तकांतहि उणिवा आहेत. बाप्तिस्म्यापूर्वीं गेलेलीं अर्भकें बहुधा त्यांत नाहींत. वयें अंदाजानें लिहिलेलीं असतात. पोटासाठीं मुंबईस गेलेला व तेथील इस्पितळांत वारलेला मनुष्य गांवच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. त्याचें नांव त्या शहरांतील दफनभूमीच्या दप्तरांत शोधावें लागतें.