लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : सुरक्षिततेची पूर्वपडताळणी

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया (बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया) : जठराचा आकार किंवा अन्नाचा आतड्यातील मार्ग बदलून वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियांचा गट. मधुमेहासारख्या विकारांवरही त्यांचा परिणाम होत असल्याने ‘चयापचयी शस्त्रक्रिया’ हे नावही रूढ आहे. या शस्त्रक्रिया सहसा तातडीच्या नसतात. रुग्णाच्या हाती विचार करायला काही आठवडे, बहुधा महिने असतात. त्यामुळे प्रकार ठरवण्याआधी धोक्यांची पडताळणी करणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. एखादी शस्त्रक्रिया सुरक्षित आहे का, याचे उत्तर एका आकड्यात मावत नाही. ते किती काळापुरते विचारले, कोणत्या रुग्णासाठी विचारले आणि शस्त्रक्रिया कोण करणार, यांनुसार बदलते.

प्रमुख प्रकार : स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात व उरलेल्या भागाची अरुंद नळी राहते. रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. काहीही कापून बाहेर काढलेले नसल्याने ही रचना तत्त्वतः पूर्ववत करता येते, मात्र मागे राहिलेले जठर नेहमीच्या दुर्बिणीने तपासता येत नाही. मिनी गॅस्ट्रिक बायपासमध्ये आतड्याचा एकच जोड असतो. बिलिओपँक्रिॲटिक डायव्हर्जन व ड्युओडेनल स्विच यांत आतड्याचा मोठा भाग अन्नमार्गातून वगळला जातो. वजन सर्वाधिक घटते ते यांतच, आणि पोषणाची हानीही यांतच जास्त होते. गॅस्ट्रिक बँड म्हणजे जठराभोवती बसवलेला, सैल-घट्ट करता येणारा पट्टा. तोंडावाटे जठरात सोडला जाणारा बलून ही शस्त्रक्रिया नव्हे, पण रुग्णाला अनेकदा तोही पर्याय म्हणून सुचवला जातो.

इतिहास : अमेरिकेत मिनेसोटा येथे क्रेमेन व लिनर यांनी १९५४ मध्ये जेजुनोइलिअल बायपासची माहिती प्रसिद्ध केली. यात लहान आतड्याचा बराचसा भाग वगळला जाई. वजन झपाट्याने उतरे आणि सुरुवातीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. यकृत निकामी होणे, मूतखडे, सांधेदुखी व तीव्र कुपोषण हे परिणाम पुढच्या काही वर्षांत उघड झाले आणि ही पद्धत सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन व चिकाशी इटो यांनी १९६० च्या दशकात गॅस्ट्रिक बायपास विकसित केला. विटग्रोव्ह व क्लार्क यांनी तो दुर्बिणीतून केल्याचे १९९४ मध्ये नोंदवले. छेद लहान झाल्याने जखमेचे व श्वसनाचे त्रास घटले.

गॅस्ट्रिक बँडचा प्रवासही बोलका आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये त्याला मान्यता दिली. शस्त्रक्रियेच्या वेळचा धोका सर्वांत कमी म्हणून त्याचा मोठा प्रसार झाला. पुढे अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेच्या २५,०४२ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी साडेचार वर्षांत १८.५ टक्के रुग्णांवर पट्ट्याशी संबंधित पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसले. आज बँड क्वचितच बसवला जातो. नव्या पद्धतीचे वर्ष-दोन वर्षांचे निकाल पुरेसे मानू नयेत, याचे हे दोन्ही दाखले आहेत.

पहिल्या ३० दिवसांतील धोके : टाके किंवा स्टेपल लावलेल्या जागेतून गळती, रक्तस्राव, पायातील शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे आणि आतड्यात अडथळा येणे हे प्रमुख धोके होत. अमेरिकेतील दहा केंद्रांमध्ये झालेल्या ‘लॅब्स’ या अभ्यासात पहिल्यांदाच शस्त्रक्रिया होत असलेले ४,७७६ रुग्ण होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के, तर मृत्यूसह गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ४.३ टक्के होते. दुर्बिणीतून केलेल्या बायपासनंतर मृत्यूचे प्रमाण ०.२ टक्के, पोट उघडून केलेल्या बायपासनंतर २.१ टक्के आढळले. मात्र पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रिया बहुधा अधिक आजारी रुग्णांवर होतात, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे लागते. पूर्वी शिरेत गुठळी झालेली असणे, झोपेतील श्वासरोध आणि चालण्या-फिरण्याची क्षमता कमी असणे या गोष्टींनी धोका वाढत असल्याचेही याच अभ्यासात दिसले.

दीर्घकालीन धोके : बायपासनंतर लोह, ब-१२, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची कमतरता होऊ शकते. सतत उलट्या होत राहिल्यास थायमिन (ब-१) कमी पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पूरक औषधे व ठरावीक रक्ततपासण्या जन्मभर कराव्या लागतात. ब-१२ मुख्यतः प्राणिजन्य अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी रुग्णांनी शस्त्रक्रियेआधीच त्याची पातळी तपासून घेणे इष्ट असते. बायपासमध्ये जोडाजवळ व्रण होणे आणि आतड्याचा वेटोळा पोटातल्या फटीत अडकणे (अंतर्गत हर्निया) हे धोके वर्षांनंतरही राहतात. धूम्रपान व काही वेदनाशामक गोळ्या यांमुळे व्रणाची शक्यता वाढते. गोड पदार्थांनंतर चक्कर, घाम व धडधड होणे (डम्पिंग) हा त्रासही आढळतो. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने टाळण्याचा सल्ला दिला जातो.

स्लीव्हबाबत मुख्य प्रश्न आम्लपित्ताचा व जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढण्याचा आहे. फिनलंडमधील ‘स्लीव्हपास’ या २४० रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनंतर अन्ननलिकेचा दाह स्लीव्ह झालेल्या ३१ टक्के, तर बायपास झालेल्या ७ टक्के रुग्णांत आढळला. मिनी गॅस्ट्रिक बायपास व रू-एन-वाय यांची तुलना करणाऱ्या फ्रान्समधील ‘योमेगा’ चाचणीत (२०१९) वजनातील घट जवळपास सारखी होती, पण पोषणविषयक गंभीर गुंतागुंती मिनी बायपासच्या गटातच दिसल्या.

मनावर व सवयींवर होणारे परिणामही मोजावे लागतात. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो. अमेरिकेतील युटा येथील २००७ च्या अभ्यासात बायपास झालेल्यांमध्ये एकूण मृत्यूचे प्रमाण तुलनागटापेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते, पण अपघात, आत्महत्या अशा आजाराशिवायच्या कारणांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ५८ टक्क्यांनी जास्त होते.

शस्त्रक्रिया न करण्याचा धोका : तुलना नेहमी लठ्ठपणा तसाच राहण्याशी करावी लागते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ लोक होते. वय, लिंग व इतर जोखमी हिशेबात घेतल्यावर शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी ठरला. अलीकडे सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत. ती बंद केल्यावर वजन बऱ्याच अंशी परत वाढते, म्हणून त्यांचा विचारही दीर्घ मुदतीचाच करावा लागतो.

आकड्यांचे वाचन : निकाल अनेकदा ‘जादा वजनातील घट’ या टक्केवारीत सांगतात. १२० किलो वजनाच्या व्यक्तीचे योग्य वजन ७० किलो धरले, तर जादा वजन ५० किलो होते. त्याची निम्मी घट म्हणजे २५ किलो, अर्थात एकूण वजनाच्या सुमारे २१ टक्के. ‘५० टक्के घट’ या दाव्यामागे हा फरक दडलेला असू शकतो. किती रुग्णांचा शेवटपर्यंत पाठपुरावा झाला, हेही पाहावे. तपासणीला न आलेले रुग्ण हिशेबातून गळले, तर उरलेले चित्र चांगलेच दिसते. स्वीडनमध्ये २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे. अशा नोंदवह्यांतील आकडे एखाद्या केंद्राच्या जाहिरातीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतात.

शल्यचिकित्सक व रुग्णालय : एकाच शस्त्रक्रियेचे निकाल हातागणिक बदलतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २० शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीतून केलेल्या बायपासच्या चित्रफितींना त्यांच्याच सहव्यावसायिकांनी, नावे न कळता, गुण दिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांशाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वाधिक गुण मिळालेल्यांच्या रुग्णांत ५.२ टक्के होते. म्हणून पुढील बाबी विचारून घेणे उपयुक्त असते : सुचवलेली शस्त्रक्रिया डॉक्टर वर्षाला किती वेळा करतात, त्यांच्या रुग्णांत गळतीचे व पुन्हा शस्त्रक्रियेचे प्रमाण किती, अतिदक्षता विभाग व रात्रीही उपलब्ध असणारे पथक आहे का, आहारतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ सोबत आहेत का, आणि पाच वर्षांनंतर पाठपुरावा कोण करणार.

मुंबई-पुण्यात शस्त्रक्रिया करून दूरच्या जिल्ह्यात परतणाऱ्या रुग्णाला आणखी एका गोष्टीची सोय आधीच लावावी लागते. गळतीची लक्षणे घरी गेल्यावरही दिसू शकतात. नाडी सतत जलद चालणे, ताप, धाप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे यांपैकी काही झाल्यास कोणाला फोन करायचा आणि जवळचे कोणते रुग्णालय गाठायचे, हे लेखी घ्यावे.

पात्रता : अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये बीएमआय (उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक) ४० किंवा सहव्याधी असल्यास ३५ ही मर्यादा सुचवली होती. दोन प्रमुख व्यावसायिक संघटनांनी २०२२ मध्ये ती सर्वसाधारणपणे ३५ आणि चयापचयाचे विकार असल्यास ३० वर आणली. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेह जडतो, म्हणून त्यांच्यासाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करता येईल असे त्यात म्हटले आहे. पात्रता रुंदावली तरी कमी वजनाच्या रुग्णाला होणारा फायदाही तुलनेने मर्यादित असू शकतो, त्यामुळे धोक्याचे गणित त्याच्यासाठी नव्याने मांडावे लागते.

भारतातील कायदेशीर व आर्थिक बाजू : सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात (२००८) संमतीचे स्वरूप स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णाला सांगणे आवश्यक ठरते. एका प्रक्रियेला दिलेली संमती, जीव वाचवण्याची निकड नसेल तर, दुसरीसाठी वापरता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना प्रकार बदलावा लागल्यास काय करायचे, याची नोंद संमतिपत्रात आधीच करून घ्यावी. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च वगळण्याची मुभा विमा कंपनीला आहे. वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत ठरावीक गंभीर सहव्याधी, या अटी पुऱ्या झाल्यास हे वगळणे लागू होत नाही. वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांची मर्यादा आणि विम्याची मर्यादा एक नसल्याने वैद्यकीयदृष्ट्या पात्र रुग्णालाही विमा नाकारला जाऊ शकतो. पूरक औषधे, तपासण्या आणि पुढे लागू शकणारी दुसरी शस्त्रक्रिया यांचा खर्चही सुरुवातीच्या अंदाजात धरावा लागतो, कारण पैशाअभावी पाठपुरावा थांबला तर पोषणाची कमतरता वेळेवर लक्षात येत नाही.